व्हित्तोरियो स्तोरारो पहिल्यांदा पाहताय? या क्रमाने पाहा

सिनेमाच्या छायालेखनात थोडा जरी रस घ्यायला लागलात, तरी पहिल्या काही दिवसांतच व्हित्तोरियो स्तोरारो हे नाव कानावर पडतं. तीन ऑस्कर, बेर्तोलुच्ची आणि कोपोलासारख्या दिग्दर्शकांबरोबरची कामं, रंगांविषयीची लांबलचक व्याख्यानं. जानेवारी २०२१ मध्ये गोव्यात भरलेल्या ५१ व्या इफ्फीत (भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात) त्यांना जीवनगौरव देण्यात आला, तेव्हा आपल्याकडेही अनेकांनी त्यांचे चित्रपट शोधायला घेतले. आणि तिथेच गाडी अडते. यादी मोठी आहे, चित्रपट वेगवेगळ्या भाषांतले आहेत, एक तर पाच तासांहून लांब आहे. शिवाय इंटरनेटवर जे पहिलं हाती लागतं ते म्हणजे ‘लाल म्हणजे जन्म, पिवळा म्हणजे सूर्य’ अशा धाटणीचे तक्ते. तो तक्ता वाचून चित्रपट बघायला बसलेला माणूस पडद्यावर फक्त तक्ताच शोधतो, हे मी आमच्या फिल्म क्लबात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

म्हणून हा क्रम लिहून काढते आहे. मी याच वाटेने गेले आणि नंतर बऱ्याच नव्या मंडळींना याच वाटेने नेलं. सूत्र एकच आहे: आधी सावली, मग रंग. स्तोरारो स्वतः याच क्रमाने वाढले. ‘अपोकॅलिप्स नाउ’पर्यंत त्यांचा सगळा झगडा उजेड आणि अंधाराशी होता, त्यानंतर त्यांनी काम थांबवून रंगांचा अभ्यास केला. आपण उलट्या बाजूने शिरलो की हाती काही लागत नाही.

१. आधी एवढं जमवून ठेवा

– टीव्ही, प्रोजेक्टर किंवा निदान चांगला लॅपटॉप. मोबाइलवर हे चित्रपट पाहू नका. स्तोरारोंच्या फ्रेममधली अर्धी गंमत काळोखात असते आणि मोबाइलवर तो काळोख म्हणजे नुसता काळा ठिपका होतो.
– पूर्ण अंधार करता येईल अशी खोली, नाहीतर रात्रीची वेळ.
– वही आणि पेन्सिल. चित्र काढता येत नसलं तरी चालेल, चौकटी आखता आल्या की झालं.
– सबटायटल असलेली मूळ भाषेतली प्रत.
– आठव्या पायरीसाठी: पिवळ्या उजेडाचा एक बल्ब, टेबल लॅम्प, जाड पुठ्ठा, कात्री, मलमलीचं फडकं आणि व्हाइट बॅलन्स (कोणता उजेड पांढरा धरायचा ते ठरवणारं सेटिंग) हाताने बदलता येतो असा मोबाइल कॅमेरा किंवा तसं ॲप.

आता टीव्हीचं सेटिंग. हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून जवळजवळ सगळेच टाळतात. नवा टीव्ही दुकानातून येतो तो ‘व्हिव्हिड’वर. त्यात निळा आणि हिरवा अंगावर येतात आणि काळा राखाडी होतो. ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड निवडा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, तिने फिल्मवरचा चित्रपट मालिकेसारखा दिसायला लागतो. लॅपटॉप असेल तर नाइट मोड आणि आपोआप कमी-जास्त होणारी ब्राइटनेस दोन्ही बंद. ‘रंगांवर ज्याने आयुष्य घालवलं त्याचं काम बघायचंय आणि स्क्रीनवर पिवळा फिल्टर चालू आहे’ अशी दशा मी स्वतःच्या डोळ्यांनी अनेकदा पाहिली आहे.

पुण्यात राहत असाल तर लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ग्रंथालयाची जरूर चौकशी करा. जाण्याआधी फोनवर वेळा आणि नियम विचारून घ्या, ओळखपत्र जवळ ठेवा. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून चालू आहे. तिथे सभासद झालात तर इटालियन चित्रपट मोठ्या पडद्यावर, चार माणसांत बसून पाहायचा योग केव्हातरी येतोच.

२. माणूस समजून घ्या, पण चरित्रात अडकू नका

स्तोरारोंचा जन्म २४ जून १९४० चा, रोमचा. वडील लक्स फिल्म या कंपनीत प्रोजेक्शनिस्ट होते. आपल्याला जे करायला मिळालं नाही ते मुलाने करावं, या हौसेने त्यांनी मुलाला अकराव्या वर्षीच छायाचित्रणाच्या शाळेत घातलं. पुढे रोमच्या चेंत्रो स्पेरिमेंताले या चित्रपटशिक्षणाच्या संस्थेत प्रवेश मिळाला. विशीतच ते कॅमेरा ऑपरेटर झाले, आल्दो स्काव्हार्दा या छायालेखकाच्या हाताखाली. मग इटालियन चित्रपटधंद्यात मंदी आली, काम बंद पडलं. त्या रिकाम्या दिवसांत त्यांनी चित्रकला, संगीत, साहित्य वाचून-पाहून काढलं. काम परत सुरू झालं तेव्हा ऑपरेटर राहिलेला हा माणूस पुन्हा साहाय्यक म्हणून उभा राहिला. तो चित्रपट होता बेर्नार्दो बेर्तोलुच्चींचा ‘बिफोर द रेव्होल्यूशन’ (१९६४). पुढची तीस वर्षं ज्या जोडीने गाजवली तिची ओळख अशी झाली.

स्वतंत्र छायालेखक म्हणून पहिला चित्रपट फ्रांको रॉस्सींचा ‘जोव्हिनेझा, जोव्हिनेझा’ (१९६९), कृष्णधवल. मग १९७० साली बेर्तोलुच्चींचे दोन, ‘द स्पायडर्स स्ट्रॅटेजम’ आणि ‘द कन्फॉर्मिस्ट’. ऑस्कर मिळाले ते ‘अपोकॅलिप्स नाउ’ (१९७९), ‘रेड्स’ (१९८१) आणि ‘द लास्ट एम्परर’ (१९८७) यांना. ‘डिक ट्रेसी’साठी (१९९०) चौथं नामांकन होतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे सारखी उपयोगी पडेल. रोममधल्या सान लुइजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये काराव्हाज्जो या जुन्या इटालियन चित्रकाराची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत. त्यातलं ‘मॅथ्यूला बोलावणं’ हे चित्र तरुणपणी पाहिलं आणि उजेड-अंधाराकडे बघण्याची नजरच बदलली, असं स्तोरारो आयुष्यभर सांगत आले आहेत. अंधाऱ्या खोलीत टेबलाभोवती माणसं पैसे मोजत बसली आहेत. उजवीकडून, डोक्यावरून, एक तिरीप भिंतीवर येते आणि तिच्याखालून ख्रिस्ताचा हात पुढे येतो. चित्रातली ती तिरीप येते त्याच बाजूला त्या चॅपेलची (चर्चमधल्या छोट्या प्रार्थना-दालनाची) खरी खिडकीही आहे, म्हणजे चित्रकाराने जागेचा उजेडच चित्रात ओढून घेतला. या चित्राची चांगली प्रत इंटरनेटवर सहज मिळते. पुढच्या पायरीआधी दहा मिनिटं शांतपणे बघा. कधी रोमला गेलात तर त्या चर्चसाठी युरोची सुटी नाणी खिशात ठेवा, चित्रांवरचा दिवा नाणं टाकल्यावर लागतो.

३. प्रत तपासल्याशिवाय ‘प्ले’ दाबू नका

नवख्यांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते, आणि यात खुद्द स्तोरारोंचाही हात आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ‘युनिव्हिझियम’ नावाची कल्पना मांडली: यापुढे सगळे चित्रपट २:१ (उंचीच्या दुप्पट रुंदी) या एकाच मापात असावेत, म्हणजे थिएटरात आणि घरी एकच फ्रेम दिसेल. कल्पना वाईट नव्हती. आज कितीतरी वेब मालिका त्याच मापात बनतात. पण त्यांनी आपले जुने, जास्त रुंद चित्रपटही डिस्कवर काढताना २:१ मध्ये कापायला लावले. ‘अपोकॅलिप्स नाउ’च्या जुन्या डीव्हीडी तशा आहेत, ‘द लास्ट एम्परर’ची २००८ ची गाजलेली डीव्हीडीही तशीच. दोन्ही बाजूंचा भाग गेला. ‘अपोकॅलिप्स’ची पूर्ण रुंदी घरच्या डिस्कवर २०१० च्या ब्लू-रेमध्ये परत आली.

माझं मत स्पष्ट आहे: छायालेखकाचीच संमती असली तरी थिएटरात जी फ्रेम लोकांनी पाहिली, अभ्यास तिचाच करावा. कारण माणसं कुठे उभी करायची, काळोख किती ठेवायचा, हे त्या रुंदीत ठरलेलं होतं.

तपासायचं असं. साध्या रुंद टीव्हीवर चित्रपट थांबवा आणि काळ्या पट्ट्या बघा.

– वर आणि खाली, प्रत्येकी पडद्याच्या उंचीच्या साधारण आठव्या भागाएवढी पट्टी: फ्रेम २.३५ ची, पूर्ण. ‘अपोकॅलिप्स नाउ’ आणि ‘द लास्ट एम्परर’ असे दिसायला हवेत.
– पट्ट्या आहेत पण अगदी बारीक, अठराव्या भागाएवढ्या: कापलेली २:१ प्रत.
– वर-खाली पट्टीच नाही, सगळा पडदा भरलेला: टीव्हीसाठी कापलेली. सोडून द्या.
– ‘द कन्फॉर्मिस्ट’चं माप १.६६. त्यात पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला आणि अरुंद दिसतात. तिथे वर-खाली पट्ट्या दिसल्या तर प्रत चुकीची.

‘द कन्फॉर्मिस्ट’ची २०११ मध्ये बोलोन्याच्या चित्रपट संग्रहालयाने दुरुस्त केलेली प्रत स्तोरारोंच्या नजरेखालून गेलेली आहे, मिळाली तर तीच घ्या. इंग्रजीत डब केलेली प्रत टाळा. इटलीत त्या काळी आवाज नंतर भरायची पद्धतच होती, त्यामुळे इटालियन प्रतीतही ओठ अगदी जुळत नाहीत. त्यात बिघडलेलं काही नाही.

४. पहिला चित्रपट: ‘द कन्फॉर्मिस्ट’

एकदा पूर्ण बघा, आवाजासकट, वही न उघडता. गोष्ट कळू द्या. मुसोलिनीच्या काळातला मार्चेल्लो नावाचा माणूस, चारचौघांसारखं दिसण्याची त्याला भयंकर ओढ आहे आणि त्यापायी तो पॅरिसला जाऊन आपल्याच जुन्या प्राध्यापकाच्या खुनात सामील व्हायला तयार होतो. काळ मागे-पुढे उड्या मारतो, पहिल्यांदा थोडं गोंधळायला होतं. होऊ द्या.

दुसऱ्या दिवशी पुढची दृश्यं आवाज पूर्ण बंद करून बघा.

पहिलं, सुरुवातीचं. पहाटेची हॉटेलची खोली, मार्चेल्लो पलंगावर बसला आहे आणि बाहेरच्या पाटीचा लाल उजेड त्याच्यावर लागतो, विझतो, लागतो, विझतो. माणूस हलत नाही, उजेड हलतो. हा माणूस स्वतः काही ठरवत नाही, बाहेरून जे पडतं ते अंगावर घेतो, हे संवादाआधीच कळलेलं असतं.

दुसरं, मार्चेल्लोची होणारी बायको जुलिया हिच्या घरातलं. खिडकीच्या पट्ट्यांमधून आलेले उजेडाचे पट्टे सगळ्या खोलीवर पडले आहेत आणि तिच्या कपड्यांवरही काळे-पांढरे पट्टेच आहेत. उजेड धारदार, कोरून काढल्यासारखा. रोममधली बहुतेक दृश्यं अशी आहेत: इथे ऊन, इथे सावली, मध्ये काही नाही. पॅरिसला गेल्यावर तुलना करा. तिथे कड मऊ होते, कातरवेळचा निळा पसरतो, सावल्या एकमेकींत मिसळतात. स्तोरारोंनी हे दोन शहरांसाठी जाणून केलं होतं: रोम म्हणजे कोंडलेला माणूस, पॅरिस म्हणजे जरा मोकळी हवा.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचं, प्राध्यापक क्वाद्रींच्या अभ्यासिकेतलं. मार्चेल्लो प्लेटोच्या गुहेची गोष्ट काढतो. गुहेत बांधलेली माणसं भिंतीवरच्या सावल्यांनाच खरं जग समजतात, ती गोष्ट. बोलता बोलता तो खिडकीची झडप लावतो. खोली अंधारते, चेहरे जातात, उरतात नुसत्या काळ्या आकृत्या आणि भिंतीवरची त्याची सावली. शेवटी दुसरी झडप उघडते, उजेड आत येतो आणि भिंतीवरची मार्चेल्लोची सावली पुसली जाते. तो तिथेच उभा आहे, पण भिंतीवर तो नाही. हे दृश्य थांबवत थांबवत बघा. एका खिडकीच्या उघडझापीवर सगळा चित्रपट तोलला आहे.

५. वही अशी लिहा

‘सुंदर प्रकाशयोजना’ असली वाक्यं लिहू नका. त्यातून नंतर काहीच आठवत नाही. प्रत्येक दृश्याला पाच प्रश्न पुरतात: उजेड कुठून येतो? कड धारदार की मऊ? फ्रेमचा किती भाग काळा? दृश्याच्या आत काय बदलतं? तो बदल होतो तेव्हा गोष्टीत काय चाललंय?

नमुना म्हणून, वरच्या अभ्यासिकेची नोंद अशी होईल:

‘खिडक्यांचा उजेड, दुसरा दिवा दिसत नाही. सुरुवातीला चेहरे दिसतात. झडप लागल्यावर जवळजवळ तीन चतुर्थांश फ्रेम काळी, कडा धारदार. शेवटी दुसऱ्या बाजूने उजेड, सावली नाहीशी. त्याच वेळी: शिष्य गुरूला गुहेची गोष्ट सांगतोय, आणि आता तो कुणाचा माणूस आहे याचा अंदाज गुरूला येतोय.’

शेजारी एक चौकट काढून काळा भाग पेन्सिलीने भरा. चित्र बेंगरूळ येईल, पण हात काळं भरत असताना डोळ्यांना जे कळतं ते वाचून कळत नाही.

एक सावधगिरी. जे दिसतं ते सगळं छायालेखकाच्या नावावर लिहू नका. ‘द कन्फॉर्मिस्ट’च्या त्या खोल्या, ते पोकळ सरकारी दालन, त्या भिंती यामागे कलादिग्दर्शक फेर्दिनांदो स्कार्फ्योत्ती होते. स्तोरारोंचा उजेड ज्यावर पडतो ते बऱ्याचदा स्कार्फ्योत्तींनी उभं केलेलं असतं. ‘द लास्ट एम्परर’मध्ये हीच जोडी पुन्हा आहे आणि तिथे दोघांनाही ऑस्कर मिळालं. वहीत दोन रकाने ठेवा: काय उभं केलं, आणि त्यावर उजेड कसा टाकला.

६. दुसरा चित्रपट: ‘अपोकॅलिप्स नाउ’

व्हिएतनाम युद्धावरच्या कोपोलांच्या या चित्रपटाच्या तीन आवृत्त्या आहेत: १९७९ ची मूळ, २००१ ची ‘रिडक्स’ आणि २०१९ ची ‘फायनल कट’. पहिल्यांदा बघताना १९७९ ची घ्या. ‘रिडक्स’ तीन तासांच्या बरीच पुढे जाते आणि नवख्या माणसाचा नदीवरचा प्रवास मध्येच रेंगाळतो.

चित्रीकरण फिलिपिन्समध्ये झालं, मार्च १९७६ पासून सव्वा वर्षाच्या आसपास. वादळाने सेट मोडले, मुख्य नट मार्टिन शीनला हृदयविकाराचा झटका आला. हे किस्से खूप मिळतील, वाचायलाही मजा येते, पण आपलं काम वेगळं आहे. स्तोरारोंचा मुद्दा असा होता की एका संस्कृतीने दुसऱ्या संस्कृतीवर स्वतःला लादणं, हेच उजेडात दाखवायचं. म्हणून जंगल, पाणी, सूर्य यांच्या नैसर्गिक रंगांवर माणसांनी आणलेले रंग चढत जातात: जांभळा-पिवळा धूर, नेपाम बॉम्बचा नारिंगी लोळ, सर्चलाइटचा पांढरा झोत. नदीतून नाव जसजशी वर सरकते तसतसा उजेड कमी होतो. डो लुंगच्या पुलावरची रात्र बघा. पुलावर लटकवलेल्या बल्बांच्या माळा आणि आकाशात फुटणाऱ्या फ्लेअर (उजेडासाठी सोडलेले पेटते गोळे), बाकी सगळा काळोख. कुणाचं कुणाला दिसत नाही, हुकूम कोण देतंय तेही कळत नाही.

आणि मग कर्ट्झ, नदीच्या टोकाशी ज्याच्याकडे हा सगळा प्रवास चालला आहे तो कर्नल. मार्लन ब्रँडो सेटवर आले ते अपेक्षेपेक्षा खूपच जाडजूड होऊन, त्यांना काळे कपडे घालून सावलीत ठेवावं लागलं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तेवढ्यावर थांबलात तर दृश्य हातचं गेलं. चेहरा एकदम दिसतच नाही. आधी टक्कल, मग हात, हातातलं पाणी, मग अर्धा गाल. काळोखातून तुकड्या-तुकड्यांनी माणूस वर येतो. आता काराव्हाज्जोचं चित्र पुन्हा उघडा आणि शेजारी ठेवा.

हा भाग दिवसा, पडदे उघडे ठेवून बघू नका. खोलीतल्या उजेडाने ते काळे तुकडे धुऊन निघतात आणि मग ‘काही दिसतच नाही’ अशी तक्रार होते.

७. आता रंग

इथवर दोन चित्रपट नीट झाले असतील तरच पुढे या.

‘वन फ्रॉम द हार्ट’ (१९८२) हा कोपोलांचा चित्रपट पूर्णपणे स्टुडिओत उभारलेल्या लास व्हेगासमध्ये घडतो. धंदा झाला नाही, कोपोला कर्जात बुडाले. आपल्याला तो पाहायचा आहे एका कारणासाठी: इथून स्तोरारोंनी सगळे दिवे डिमर बोर्डाला (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या फलकाला) जोडून, एकाच शॉटच्या आत उजेड आणि रंग बदलायला सुरुवात केली, नाटकात करतात तसं. एखादी भिंत बघता बघता उतरते आणि तिच्या मागची खोली उजळते. गोष्ट फार मोठी नाही, अर्धा तास बघितलात तरी मुद्दा कळेल.

‘रेड्स’ घ्या तो प्रिंटच्या पोतासाठी. फिल्म धुताना रंगीत प्रिंटमधली चांदी काढून टाकतात. रोमच्या टेक्निकलर लॅबमधल्या एर्नेस्तो नोव्हेल्ली-राइमों यांनी ती थोडी मागे ठेवण्याची रीत बसवली. त्यांच्या आद्याक्षरांवरून तिला ईएनआर म्हणतात आणि ती प्रथम ‘रेड्स’ला वापरली गेली. चांदी राहिली की काळा खोल होतो आणि रंग थोडे दबतात. डिस्कवर त्याची सावलीच काय ती दिसते, खरी मजा प्रिंटची. तरीही दाट काळे कोट आणि त्यांच्यावरचे फिके चेहरे लक्ष देऊन बघा.

आता ‘द लास्ट एम्परर’. चीनचा शेवटचा सम्राट पूयी, १९०८ साली तीन वर्षांचाही नसताना गादीवर बसलेला. बीजिंगच्या निषिद्ध नगरीत प्रत्यक्ष चित्रीकरण करायला परवानगी मिळाली होती. चित्रपट सुरू होतो १९५० मध्ये, कैदी झालेला पूयी स्वतःची नस कापतो तिथे. ते लाल रक्त आणि तिथून मागे, बालपणाच्या रात्रीत, मशालींच्या लाल उजेडात उडी. मग राजवाड्यातला उबदार नारिंगी. मग पिवळा, सम्राटाचा. राज्यारोहणाच्या दृश्यात दालनाच्या दाराशी एक भला मोठा पिवळा पडदा वाऱ्याने फुगतो आणि छोटा पूयी खेळणं समजून त्याच्याकडे धावतो. पडदा वर जातो आणि समोर हजारो माणसं जमिनीला डोकं टेकून. पुढे धाकट्या भावाच्या अंगावर पिवळा कपडा दिसला म्हणून हाच मुलगा भांडतो, कारण तो रंग फक्त सम्राटाचा. स्कॉटिश शिक्षक येतो तेव्हा हिरवा शिरतो.

पण रंगांच्या मागे सावलीचं काम चालूच आहे, आणि बहुतेक लेखांत ते सुटतं. नगरीत वाढणाऱ्या मुलावर थेट ऊन फारसं पडत नाही. छपरं, पडदे, छत्र्या, सतत कुणीतरी मध्ये. जसजसं त्याला बाहेरचं जग कळत जातं तसतसा सरळ उजेड त्याच्यापर्यंत पोहोचायला लागतो. वहीत या चित्रपटासाठी एकच प्रश्न लिहा: या दृश्यात पूयीच्या चेहऱ्यावर थेट ऊन आहे का? शेवटी ती यादी सलग वाचा.

८. बल्ब लावा

बघून झालं की हाताने करा, नाहीतर सगळं डोक्यातच राहतं.

पहिला प्रयोग पट्ट्यांचा. पुठ्ठ्यात आडव्या फटी कापा, बोटभर रुंद. खोलीत पूर्ण अंधार करून टेबल लॅम्पसमोर पुठ्ठा धरा आणि भिंतीवर पट्टे पाडा. कडा धारदार हव्या असतील तर दिवा लांब न्या आणि पुठ्ठा भिंतीजवळ. मऊ हव्या असतील तर पुठ्ठा दिव्याकडे आणा. मग फडकं दिव्यापुढे धरा, पट्टे विरघळतील. साधा बल्ब असेल तर फडकं बल्बला टेकू देऊ नका, पेट घेतं. आता घरातल्या कुणाला तरी त्या पट्ट्यांत बसवा आणि डोळ्यांवर उजेडाचा पट्टा आला तर काय होतं, ओठांवर आला तर काय होतं, ते फोटो काढून बघा.

दुसरा प्रयोग कातरवेळचा. सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी खिडकीशी पिवळा बल्ब लावा. माणसाचा एक गाल खिडकीकडे, एक बल्बकडे. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ५६०० केल्विनवर पक्का करा: बल्बची बाजू नारिंगी, खिडकी निळसर. मग ३२०० वर: बल्बची बाजू जवळजवळ पांढरी, खिडकी गडद निळी. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा तुमच्या वतीने ठरवेल आणि काहीच शिकायला मिळणार नाही. हिवाळ्यातल्या पॅरिसचा निळा आणि घरातल्या दिव्यांचा नारिंगी, ही टक्कर स्तोरारोंनी सत्तरच्या दशकात फार वापरली. खिडकीत दहा मिनिटं उभं राहिलात की ती कुठून आली ते कळतं. वेळ फार थोडा असतो, तेव्हा सगळी मांडामांड ऊन असतानाच करून ठेवा.

९. मुलाखती आता वाचा

स्तोरारो भरपूर बोलतात. प्लेटो, गटे, चार तत्त्वं, सूर्य-चंद्र, जाणीव-नेणीव. आपल्या कामावर त्यांनी तीन जाड खंडही काढले आहेत: एक उजेडावर, एक रंगांवर, एक तत्त्वांवर. आधी वाचले असते तर दडपण आलं असतं. आता तुमच्याकडे स्वतःची वही आहे, तेव्हा ती शेजारी उघडून वाचा. जिथे त्यांचं म्हणणं तुमच्या नोंदीशी जुळतं तिथे खूण करा. जिथे जुळत नाही तिथेही करा.

रंगांचे त्यांचे अर्थ हे त्यांचे आहेत, एका रोमन माणसाने स्वतःसाठी बांधलेली शिस्त. भगवा, हळदीचा पिवळा, पांढरं वस्त्र यांचे आपल्या मनातले अर्थ वेगळे आहेत आणि तुम्ही शॉर्टफिल्म करणार असाल तर तेच तुमच्या उपयोगाचे. त्यांच्याकडून घ्यायची ती शिस्त: चित्रपट सुरू होण्याआधी उजेडाचा प्रवास कागदावर लिहून काढणं.

१०. पुढची यादी, माझ्या पसंतीने

कार्लोस साऊरांचा ‘फ्लामेंको’ (१९९५) लवकर बघा. गोष्ट नाही, फक्त गाणं आणि नाच, मागे उजळलेले मोठे पडदे. सेव्हिलच्या जुन्या रेल्वे स्टेशनात चित्रित झाला आहे. स्तोरारोंचा उजेड इतका मोकळा दुसरीकडे क्वचितच दिसतो. आवडला तर त्याच जोडीचा ‘टँगो’ (१९९८).

‘डिक ट्रेसी’ मुलांबरोबर बघता येईल. व्यंगचित्रमालिकेच्या छपाईसारखे मोजकेच रंग वापरले आहेत, लाल म्हणजे एकच लाल, पिवळा म्हणजे एकच पिवळा. ‘लिटल बुद्ध’ (१९९३) भूतान आणि नेपाळमध्ये चित्रित झाला. गोष्ट मला सैल वाटते, सिद्धार्थाचे प्रसंग मात्र पाहण्यासारखे. माजिद माजिदींच्या ‘मुहम्मद’ला (२०१५) संगीत ए. आर. रहमान यांचं आहे.

डिजिटलवरचं काम बघायचं तर वुडी ॲलनचा ‘कॅफे सोसायटी’ (२०१६). डिजिटल कॅमेऱ्यावरचा स्तोरारोंचा हा पहिला चित्रपट, तेव्हा ते पंचाहत्तरीत होते. ‘वंडर व्हील’मध्ये (२०१७) केट विन्स्लेट बोलत असताना तिच्या चेहऱ्यावरचा नारिंगी उतरून निळा येतो, शॉट न तुटता. डिमर बोर्डाची ती जुनी युक्ती इथे अगदी उघड दिसते, म्हणून शिकवायला चांगली. चित्रपट म्हणून तो मला तितकासा जमलेला वाटत नाही.

‘लास्ट टँगो इन पॅरिस’ (१९७२) नवख्यांच्या यादीत मी ठेवत नाही. छायालेखन उत्तम आहे, त्यात वाद नाही. पण त्यातल्या बलात्काराच्या प्रसंगाचे तपशील एकोणीस वर्षांच्या मारिया श्नायडरला आधी सांगितलेच नव्हते. त्या अपमानाबद्दल ती पुढे उघडपणे बोलली आणि बेर्तोलुच्चींनीही नंतर ते कबूल केलं. बघायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण हे माहीत असू द्या.

आणि स्तोरारो म्हणजे सगळं इटालियन छायालेखन असं समजू नका. ‘एट अँड अ हाफ’चे जान्नी दी व्हेनान्झो, ‘द लेपर्ड’ आणि ‘आमारकोर्द’चे जुझेप्पे रोतुन्नो, ‘रेड डेझर्ट’चे कार्लो दी पाल्मा, ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’चे तोनिनो देल्ली कोल्ली. वही तीच, पाच प्रश्न तेच. सुरुवात दी व्हेनान्झोंपासून करा, कारण ‘एट अँड अ हाफ’ कृष्णधवल आहे आणि तिथे रंगांचा आधार घ्यायची सोयच नाही.